लागला?

"साडूबुवा, मिशी झटका. पाहुणे येऊन बसलेत तिच्यावर."

थोरल्यानं मिशीवरून हातमोजा फिरवला, हिमाचे कण गळाले. "तू तोंडाऐवजी पाय सांभाळ," तो म्हणाला.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साइटवर सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. खरी नावं फक्त हजेरीपुस्तकात. घरचं भांडणसुद्धा दोघांना एकाच दिवशी पोचायचं, म्हणून एकमेकांची समजूत काढायला दूर जावं लागत नसे.

सहाव्या मजल्यावर परांचीच्या फळ्यांवर हिमाची पातळ साय धरली होती. या बाजूला ऊन दहाला येई. दहाच्या आत फळीवर पाय ठेवायचा नाही, हा थोरल्याचाच नियम. पण वरची जाळी सुटून रस्त्यावर फडफडत होती, दुपारून वारा वाढणार होता, आणि मुकादमानं खालून तीनदा हाक मारली होती.

"पाच मिनिटांचं काम," थोरला म्हणाला. "बांधून येऊ."

"तुम्हीच म्हणताय?" धाकटा हसला. "मग आज सूर्यालाच उशीर झाला म्हणायचा."

कमरेच्या पट्ट्याचा हुक पाइपाला अडकवायचा. पुढच्यानं विचारायचं, "लागला?" मागच्यानं म्हणायचं, "लागला." मगच पाऊल. बावीस वर्षं हेच. शिवाय थोरला वळून बघायचाही.

आज वारा डोळ्यांत सुयांसारखा घुसत होता. कानटोपी ओढून तो समोरच बघत राहिला.

मागे पाइपावर काहीतरी ठण्णकन आपटलं.

"लागला?" त्यानं विचारलं.

"गुडघ्याला लागलं थोडं. चला तुम्ही."

टोपीच्या लोकरीतून त्याला ऐकू आलं ते एवढंच: लागला, चला. तो पुढे सरकला. पायाखालची फळी हलकीशी उसळली.

किंकाळी नव्हती. ओली पाटी पुसल्यासारखा एक आवाज, बस. तो वळला तेव्हा हिमात बुटांच्या दोन लांब रेघा होत्या, फळीच्या कडेपर्यंत.

उतरताना पायरीगणिक ते वाक्य त्याला पुन्हा ऐकू येत गेलं, आणि चौथ्या मजल्यावर नीट ऐकू आलं. धाकटा गुडघ्याचं सांगत होता.

खाली सगळे गोळा झाले होते. कुणीच घाई करत नव्हतं.

ऑफिसात साहेबानं कागद पुढे सरकवला. "तू विचारलंस, तो लागला म्हणाला. एवढंच लिही. तुझ्यावर काही येत नाही."

थोरल्याची बोटं वळेनात. त्यानं त्यांवर फुंकर मारली आणि लिहिलं: तो गुडघ्याचं बोलला, मी हुकाचं समजलो. वळून पाहिलं नाही. फळीवर हिम होतं. दहाच्या आत मीच नेलं.

साहेबानं वाचलं. "अरे, हे दिलंस तर पुन्हा वर कोण चढवेल तुला?"

"कुणी चढवू नये," म्हणत त्यानं सही केली.

मेव्हणीला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी तो तिच्या दाराशी पोचला. तिनं दार उघडलं. हात ओले होते, ते पदराला पुसत म्हणाली, "भावोजी? या वेळी? या ना आत, वारा येतोय."

तो आत आला. तिनं दार लावलं नाही. एका हातानं ते उघडं धरून ती जिन्याकडे बघत राहिली.