खिडकीची तीन भोकं

आमच्या खाडीकाठच्या रिसान गावात माणूस मरायची कारणं दोनच. एक म्हातारपण आणि दुसरं प्रोमाया. प्रोमाया म्हणजे घरातून आरपार जाणारा वारा. पाठीला लागला की मूत्रपिंडं कामातून गेली, मानेला लागला की तोंड वाकडं. डॉक्टर काहीही सांगोत, आम्ही मान डोलावतो आणि घरी येऊन खिडकी लावतो.

माझी बायको विदोसावा या बाबतीत पक्की होती. मी पेपर वाचत बसलो की स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्रिपो, दार लाव, वारा लागतोय!" लागायचा मला, कळायचा तिला. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. हृदयानं गेली, पण तिची बहीण अजून म्हणते की दवाखान्याची खिडकी उघडी होती.

ती गेल्यावर वाऱ्याकडे मलाच लक्ष द्यावं लागलं. ऑक्टोबरात एक दिवस घोट्याला गार लागलं. शोधत गेलो तर काय, नव्या प्लास्टिकच्या खिडकीच्या चौकटीला बाहेरून, खालच्या बाजूला तीन भोकं! काडेपेटीतली काडी जाईल एवढी. कारखान्यानं भोकं पाडून खिडकी विकली होती! मी सिलिकॉनची नळी आणली आणि तिन्ही बुजवली. दोनदा. वरून बोट फिरवून गुळगुळीत केली. चौतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं तपासली मी, पण त्या दिवशी स्वतःला इंजिनियर समजलो.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, खाडीवरून आडवा येतो आणि सरळ खिडकीत शिरतो. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. माझी बेल त्याआधी वाजली होती ती मीटर बघणाऱ्यानं वाजवली होती, उन्हाळ्यात.

दारात खालच्या मजल्यावरची द्रागिन्याबाई. पायात सपाता, हातात घमेलं.

"अहो त्रिपो, वर मासे पाळलेत का?"

"नाही बुवा."

"मग माझ्या पलंगावर पाणी कुठून पडतंय?"

ती आत येऊन बघते तर खिडकीखालून पाणी झिरपून भिंतीत मुरत होतं. आम्ही जुने टॉवेल लावले, पिळले, परत लावले. तेवढा वेळ ती मला, माझ्या खिडकीला आणि मला जन्म देणाऱ्या आईला बोलत होती. एवढं बोलून घसा कोरडा पडणार, म्हणून मी कॉफी उकळली. पाऊस थांबेपर्यंत बसली. दीड तास. जाताना म्हणाली, "कॉफी पातळ होती."

पुढच्या पावसाला परत आली. त्याच्या पुढच्यालाही. मी कॉफी दाट करायला शिकलो, मग मधात बुडवायचे तळलेले गोळे करायलाही शिकलो. "हे गोळे आहेत की बंदुकीतले छर्रे?" ती म्हणायची आणि सहा खायची. लोक लॉटरीचे आकडे ऐकतात तसा मी रेडिओवर हवामान ऐकायला लागलो. नोव्हेंबरात अकरा दिवस पाऊस होता. फार चांगला महिना.

क्र्स्टो मिस्त्रीला फोन करत नव्हतो असं नाही. क्र्स्टो पाऊस असला की म्हणायचा, "काका, दक्षिणेचा वारा सुटलाय. या हवेत काही चिकटत नाही." ऊन पडलं की म्हणायचा, "आता गळतंय का? नाही ना? मग येऊन बघू काय?" मला हे अगदी पटायचं.

"फोन केलात?" द्रागिन्याबाई विचारायची.

"केला. वारा दक्षिणेचा आहे."

फेब्रुवारीत तिनं त्याला चर्चच्या दारातच गाठलं आणि बाहीला धरून माझ्या घरी आणलं. सात वेळा त्यानं न येण्याची कारणं दिली होती. आल्यावर चार मिनिटं लागली. बाहेर वाकला, नखानं खरवडलं आणि विचारलं, "काका, ही भोकं कोणी बुजवली?"

मी समुद्राकडे बघितलं.

"चौकटीत उतरलेलं पाणी इथून बाहेर पडतं. तुम्ही बूच मारलंत. मग ते घरात नाही येणार तर कुठे जाणार, इटलीला?"

"कोणी बुजवली?" आता द्रागिन्याबाईनं विचारलं.

"वारा येत होता," मी म्हणालो.

मी शिव्यांची वाट बघत होतो. ती माझ्या पायांकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "कुठे लागत होता?"

"घोट्याला."

"घोट्याला लागलेला गुडघ्यापर्यंत चढतो."

"माझ्या आजोबांच्या कंबरेपर्यंत चढला होता," क्र्स्टो म्हणाला आणि तिघांनीही थोडा वेळ आजोबांसाठी डोकं खाली घातलं. मग त्यानं खिशातून खिळा काढला आणि पहिलं भोक मोकळं केलं. दुसरं केलं.

"एखादं राहू दे," मी म्हणालो.

"का?"

"वाऱ्यासाठी."

"अजिबात नाही," द्रागिन्याबाई म्हणाली. "उघड रे तिसरंही. आणि तुम्ही मोजे घाला."

चार दिवसांनी पाऊस आला. मी दोन कप मांडले, कॉफी दाट केली. खिडकीच्या तिन्ही भोकांतून पाण्याच्या तीन बारीक धारा शिस्तीत बाहेर पडत होत्या. आत एक थेंब नाही. टॉवेल घडी करून ठेवले होते, ते तसेच राहिले. बेल वाजली नाही. मी दोन्ही कप प्यायलो आणि रात्री झोप आली नाही. त्याच्या पुढच्या पावसालाही तेच.

तिसऱ्या पावसाला मी खाली गेलो.

"काय झालं?" दार उघडून ती म्हणाली. आत टीव्ही चालू होता.

"छत बघायला आलो."

"कोरडं आहे."

"तरी एकदा बघतो."

आम्ही दोघं पलंगाशेजारी उभं राहून वर बघत राहिलो. ओल वाळून पिवळा डाग उरला होता.

"गुरुवारी रंगारी येतोय," ती म्हणाली.

"बरं झालं."

"हो ना."

मान दुखायला लागली. डागावर बोलण्यासारखं आणखी काही नव्हतं.

"स्वयंपाकघराचं छत बघितलं का?" मी विचारलं.

"तुमची खिडकी स्वयंपाकघराच्या वर येतच नाही, त्रिपो."

"पाणी काय, कुठूनही फिरतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. जाऊन टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला.

तिथलं छत बघितलं. मग दारामागच्या बोळाचं. मग न्हाणीघराचं, तिथे ती दारात उभी राहिली आणि मी एकेक कोपरा निरखला. पण तिचं घर माझ्याएवढंच, चार छतांचं. कितीही हळू बघितली तरी वीस मिनिटांत संपली.

"सगळं कोरडं," ती म्हणाली.

"सगळं," मी म्हणालो आणि वर आलो.