आईची रेघ

बसमधून उतरले तर समोर हॉलच्या दारावर माझी आई टांगलेली. बारा फूट उंच, निळ्या कापडावर एका पांढऱ्या रेघेत. खाली मोठ्या अक्षरांत प्रदर्शनाचं नाव, 'उद्याच्या नोटा', आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत माझं.

फोटो नव्हता तो. वानुआतूत, आमच्या बेटावर, वाळूत चित्रं काढतात. बोट एकदा टेकवलं की चित्र पुरं होईपर्यंत उचलायचं नाही, आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. कासव, मासा, वेल, अशी बरीचशी चित्रं कुणीही काढावीत. काही मात्र एकेका घराची असतात, आणि हे तर एकट्या सेलविन मामाचं होतं. मी सहा वर्षांची असताना होडी उलटून माझी आई गेली. मामानं मला वाढवलं आणि आपल्या धाकट्या बहिणीसाठी हे चित्र रचलं. दरवर्षी तिच्या दिवशी, ती गेली त्या तारखेला, ओहोटीला तो किनाऱ्यावर जायचा, ते काढायचा आणि भरतीचं पाणी येऊन पुसून नेईपर्यंत शेजारी बसून राहायचा. मी बारा वर्षांची झाले तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. मुलींना कशाला हे शिकवायचं, अशी गावात कुजबुज झालीच, पण त्यानं माझं बोट धरून ते माझ्याकडून गिरवून घेतलं. अट एकच घातली, पुसल्याशिवाय तिथून उठायचं नाही. कागदावर तर त्यानं स्वतःही ते कधी उतरवलं नव्हतं.

आणि मामा त्याच दिवशी इकडे फिजीत, मी शिकत होते त्या सुवाला येणार होता. जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, भाचीचं प्रदर्शन बघायला. सकाळी नांदीच्या विमानतळावर उतरणार आणि चार वाजता बसनं इथे पोहोचणार. मी हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते.

आम्ही शेवटच्या वर्षाची आठ मुलं. सगळ्या बेटांचं मिळून एकच चलन असतं तर त्याच्या नोटा कशा असत्या, हा आमचा वर्षभराचा प्रकल्प होता. नोटा ज्याच्या त्याच्या. पण प्रदर्शनाचं चिन्ह, भित्तिपत्रकं, निमंत्रणं, पिशव्या हे सगळं वासितीकडे होतं. वासिती माझी खोलीतली जोडीदारीण. तीन वर्षं आम्ही एका भांड्यात शिजवून खाल्लं होतं. महिन्यापूर्वी तिनं लाट आणि नाणं असं एक चिन्ह आम्हा सगळ्यांना दाखवलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. नंतर परीक्षक म्हणून आलेल्या छापखान्याच्या साहेबांनी ते मिळमिळीत ठरवलं, एवढं माझ्या कानावर आलं होतं. गेले दहा दिवस वासिती सारखी छापखान्यातच असायची. मला वाटत होतं, बिचारी राबतेय.

ती आत शिडीवर उभी राहून पाट्या लावत होती. मला बघून खाली उतरली. तोंडावरून कळत होतं की या क्षणाची तिला भीती होती.

"चिडू नकोस, आधी ऐक," ती म्हणाली. "मी चोरलेलं नाही. तुझं नाव घातलंय."

"उतरव ते."

"रोली, आज पहाटेपासून सगळ्या शहरात लागलंय. बसथांब्यांवर लागलंय. साहेबांनी बघितल्या बघितल्या मला नोकरीचं विचारलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. एखाद्या परक्यानं केलं असतं तर समजूत घातली असती मनाची, त्याला काय कळतंय म्हणून. पण वासितीही बेटांवरचीच, इथली फिजीची. तिची आजी, तिला ती बुबू म्हणते, झाडाची साल कुटून कापड करते आणि त्यावर घराण्याची नक्षी छापते. शेजारणीनं त्या नक्षीची नुसती एक कड उचलली तर बुबू पाच वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. हे वासितीनंच मला हसत हसत सांगितलेलं. मी तिला त्याची आठवण करून दिली.

"ते वेगळं," ती म्हणाली. "आमची नक्षी कापडावर राहते. तुमचं तर पुसायचंच असतं. आणि पुसायचंच होतं तर मला शिकवलंस कशाला?"

खरंच मी शिकवलं होतं. जूनमध्ये आईचा दिवस आला, सुवात पाऊस थांबत नव्हता, किनाऱ्यावर जाणं शक्य नव्हतं. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ पसरलं आणि त्यात चित्र काढलं. वासिती शेजारी बसून बघत होती. तिचे वडीलही गेलेले. ती रडायला लागली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी तिचं बोट धरून तिच्याकडूनही ते गिरवून घेतलं. एकदा नाही, तीनदा. मामानं माझं धरलं होतं तसंच. मग आम्ही दोघींनी मिळून पीठ गोळा केलं आणि त्याच्या रोट्या लाटल्या. त्या दिवशी ती मला बहिणीसारखी वाटली होती. आता ते आठवून माझीच मला लाज वाटत होती.

मी मिस लाल यांच्याकडे गेले. वर्षभर भिंगातून आमच्या नोटा तपासणाऱ्या, तोंडानं फटकळ आणि मनानं सरळ बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, कागद पेन माझ्यापुढे ठेवलं. "हे चित्र मी दिलेलं नाही, एवढं लिहून दे. दुपारच्या आत शहरातून शेवटचा कागद उतरवते. पण मग हे चोरीत मोडेल आणि तिचं वर्ष जाईल. नोकरी तर गेलीच. तू ठरव."

मी पेन उचललं. तारीख लिहिली. पुढे हात चालला नाही. ती दया होती की भित्रेपणा, ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणाले, की निदान दारावरचं कापड उतरवा, माझा मामा येतोय. मिस लाल शिपायाला हाक न मारता स्वतःच दोऱ्या सोडायला गेल्या.

बस कधी वेळेवर येत नाही. त्या दिवशी वीस मिनिटं आधी आली. मी धापा टाकत थांब्यावर पोहोचले तर मामा खांद्यावर चटयांची गुंडाळी घेऊन, पाहुण्याघरी जायचा इस्त्रीचा शर्ट घालून, भित्तिपत्रकासमोर उभा होता. काचेवर बोट टेकवून तो रेघ गिरवत होता. मी जवळ गेले तरी त्यानं बोट उचललं नाही. पूर्ण फिरून, जिथून सुरुवात केली तिथं आला आणि मग वळला.

"वळण बरोबर घेतलंय," तो म्हणाला. "कुणी काढलं?"

"माझ्या मैत्रिणीनं."

"तिला कुणी शिकवलं?"

"मी."

मामानं मान हलवली. खाली माझं नाव होतं, ते त्यानं वाचलं असणार. वाचता येतं त्याला. मी भडाभडा बोलायला लागले, की मी दिलं नाही, मला न विचारता केलं, मला आज सकाळीच कळलं. त्यानं चटयांची गुंडाळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चल," म्हणाला, "तुझ्या नोटा दाखव. त्यासाठी आलोय."

माझ्या नोटा तीन होत्या. राजा-राणी कुणी नाही, बाजारात बसणाऱ्या बायकांचे फक्त हात. खऱ्या नोटेवर नक्कल करता येऊ नये म्हणून बारीक रेघांची जाळी असते. माझी पहिली जाळी संगणकावरची होती आणि मिस लालनी ती मेलेली म्हणून परत केली होती. मग मी ती हातानं काढली, कुणाचीही नसलेली, साधी मासळीची रेघ, आणि अशा शाईत छापली की कोरडी असताना दिसू नये. आमच्याकडे नोटा भिजतातच. होडीत, माशांच्या टोपलीत, घामाच्या खिशात. भिजली की रेघ दिसावी, वाळली की जावी. मामानं अंगठ्याला जीभ लावली आणि वीसच्या नोटेवर फिरवला. रेघ वर आली. तो वाकून बघत राहिला, ती विरेपर्यंत. मग परत अंगठा ओला केला. असं चार वेळा. मागे रांग लागली तरी कुणाला त्याला सरका म्हणायचा धीर झाला नाही.

"हे चांगलं केलंस," तो म्हणाला. मला हुंदकाच फुटला. वर्षभर याच एका वाक्यासाठी मी राबले होते, आणि आता ते मनापर्यंत पोहोचतच नव्हतं.

निघताना दारातल्या मुलीनं सगळ्यांना वाटत होती तशी एक कापडी पिशवी मामाच्याही हातात दिली. तिच्यावरही आई होती. मामानं हसून आभार मानले आणि पिशवी घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही चहा घेत होतो, तर फाटकातून वासिती आली. बरोबर एक वाकलेली म्हातारी, छातीशी कावाच्या, बेटांवर ज्यांचं पेय करून मानानं देतात त्या मुळांची मोठी जुडी धरलेली. बुबू. वासितीनं आदल्या दिवशीच तिला फोन करून सगळं सांगितलं होतं, आणि ती पहाटेची पहिली बस पकडून गावाहून आली होती. दोघी व्हरांड्याच्या पायरीखाली, जमिनीवर बसल्या. वर बघेनात. मामानं कप बाजूला ठेवला आणि तोही खाली बसला. मुळं पुढे ठेवून मान खाली घालणं म्हणजे माफी मागणं, हे त्याला सांगावं लागलं नाही.

बुबू फिजीच्या भाषेत बोलली. वासितीनं ते इंग्रजीत केलं. आणि इंग्रजीतून आमच्या बोलीत करायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आमच्या पोरीनं तुमच्या घरातलं उचललं," मी मामाला म्हणाले. "तिला कळत होतं, तरी उचललं. आम्ही मान वर करून बसू शकत नाही. हे घ्या, आणि हे इथेच मिटू दे." माझ्या तोंडून वासितीची माफी निघत होती. एखादा शब्द मी गाळू शकले असते, एखादा कडू करू शकले असते. मी नाही केला. मला वाटत होतं, मामा जुडी तशीच पडू देईल. ती न उचलणं हेही उत्तरच असतं.

मामानं ती दोन्ही हातांनी उचलली.

"सांग त्यांना," तो मला म्हणाला, "की मी घेतली. आता ही गोष्ट संपली. कुणी पुन्हा काढायची नाही."

मी सांगितलं. म्हातारीनं त्यांच्या रिवाजाप्रमाणे तीनदा पोकळ टाळी वाजवली आणि डोळे पुसले. वासितीनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माफ झालेल्या माणसाचा चेहरा होता तो, हलका झालेला. मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझ्याच तोंडानं मिटवून टाकलं आणि आता जन्मभर मला मूग गिळून राहायचं होतं. वासितीचा राग आला होता त्याच्या दुप्पट मला त्या क्षणी मामाचा आला.

दुपारी त्याला नांदीच्या बसवर सोडायला गेले. थांब्यावर मी तोंड उघडलंच.

"तिला एवढ्यात सोडलंस? एका जुडीत?"

"परका माणूस असा दारात येऊन बसला की सोडावंच लागतं," मामा म्हणाला. "त्याच्यासाठी रीत आहे."

"आणि मला?"

बस लांबून दिसायला लागली होती.

"घरच्यांसाठी रीत नाही, पोरी. शोधली मी, काल रात्रभर. नाही सापडली." मग अगदी हळू, जसा तो मला ताप आलेला असताना बोलायचा तसा म्हणाला, "पुढच्या जूनला घरी आलीस तर ये. पण तिच्या दिवशी किनाऱ्यावर येऊ नकोस. मी एकटा जाईन."

मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

वाटेत खायला मी पाव आणि केळी घेतली होती. कागदाची पुडी फाटायला लागली, तेव्हा मामानं खिशातली ती पिशवी काढली. झटकली. मग हात आत घालून, कोपरे बाहेर ढकलत, ती नीट उलटी केली, आणि मग पाव, केळी आणि पाण्याची बाटली तिच्यात एकेक करून ठेवली. बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. पिशवी त्यानं मांडीवर घेतली होती. शिवण बाहेर आली होती, दोऱ्यांची टोकं लोंबत होती, आणि छापलेली बाजू आत, खाऊकडे होती. बस सुटली तेव्हा त्यानं मला हात केला. दुसरा हात पिशवीच्या तोंडावर होता.