लांबची माणसं आधी

चाकणकडच्या सयाजीचं पोस्टकार्ड दोन वर्षं माझ्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात होतं. खुणेसाठी नव्हे, लपवण्यासाठी. त्यावर दोनच ओळी होत्या: ‘मास्तर, माजा हात मंद हाय म्हून तुमी कागदावर लिवलं. खरं आसंल तर तसं कळवा, मंग मी कुनाला कामाचं इचारनार न्हाई.’

१९५६च्या डिसेंबरात पिंपरीजवळ विजेची बटणं बनवणारा एक कारखाना निघाला. बारीक स्क्रू बसवायला चपळ बोटांची माणसं हवी होती. मी अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, म्हणून चाचणी घ्यायला मला बोलावलं. शंभर भोकांची फळी, शंभर पितळी खिळे आणि माझ्या हातात घड्याळ. साठ उमेदवारांपैकी निम्मे पिंपरी-चिंचवडचे, निम्मे चाकणकडच्या खेड्यांतले. कोणी कधी बसायचं हे मी चिठ्ठ्या काढून ठरवलं होतं. दोन गटांची तुलना करायची तर थंडी, उजेड, थकवा यांचा वाटा दोघांनाही सारखा मिळायला हवा, आणि तो आपल्या मर्जीवर सोडायचा नसतो, हे मी वर्गात तीस वर्षं सांगत आलो होतो.

सकाळी सातला फाटकावरच्या दत्तोबाने माझी यादी पाहिली.

“मास्तर, ही काय सोडत हाय व्हय? लांबची मानसं आधी घ्या. पहाटंपासनं चालत्याती, परत जायाचंय त्यांना. गाववाले येतील की दुपारी जेवूनखाऊन.”

“पण दत्तोबा, चिठ्ठ्या—”

“ऱ्हाऊ द्या तुमच्या चिठ्ठ्या! पाव्हण्याला ताटकळत ठेवून घरच्यांला आधी वाढत्यात का कुटं?”

रांगेतली माणसं हसली. चारचौघांत नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. यादी मी खिशात घातली.

पहिला सयाजी बसला. विशीतला, अंगात एक सदरा. खिळा तीनदा निसटला.

“मास्तर, हाताला जरा ऊब देऊ का?”

“नियमात नाही,” मी म्हणालो. मोठा नियम मोडून झाल्यावर हा छोटा मी कसोशीने पाळला.

अहवालात मी लिहिलं: चाकणकडील उमेदवारांची बोटे तुलनेने मंद आहेत. सरासरीत जवळजवळ मिनिटाचा फरक होता. सयाजीची नोकरी हुकली, आणि कारखान्याने त्या बाजूची माणसं घेणंच थांबवलं.

महिन्याने कार्ड आलं. उत्तर लिहायचं म्हणून मी तक्ते काढले आणि प्रथमच आकड्यांशेजारी वेळा मांडल्या. चाकणकडचा चिमाजी बहिणीकडे पिंपरीला उतरला होता, तो दुपारी बसला आणि सगळ्यांत चपळ ठरला. गावातले दोघे हौसेने सकाळीच आले होते; ते सयाजीइतकेच मंद. मी बहुधा थंडी मोजली होती. पण तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हेही मीच शिकवलेलं. त्या वाक्याच्या आडोशाला मी दोन वर्षं बसून राहिलो.

गेल्या आठवड्यात चिंचवडच्या बाजारात दत्तोबा भेटला. मी सयाजीबद्दल विचारलं.

“त्यो व्हय? बैलांच्या येसनी, गोफणी काय वळायचा! पार घोडेगावपतुर जायाच्या. आता सुतळीला हात लावत न्हाई. म्हनतो, मास्तरनी घड्याळ लावून मोजलंय, मी काय येगळं सांगू?”

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. चाचणीतली चूक सांगितली. व्यवस्थापकांनी चहा मागवला.

“मास्तर, दोन वर्षं तिकडची माणसं घेतली नाहीत. काही अडलं का आमचं?”

घेतलीच नाहीत तर अडलं की नाही हे कळणार कसं, हे मला जिना उतरताना सुचलं. परत वर गेलो नाही.

घरी येऊन कार्ड लिहिलं. ‘सयाजी यास आशीर्वाद. तुझा हात मंद आहे हे मला ठाऊक नव्हतं, तरी लिहिलं. चपळ आहे असंही मला मोजून सांगता येत नाही. गारठलेल्या हातांची तुलना मी उबदार हातांशी केली. चूक माझी, तुझ्या बोटांची नव्हे. नोकरीचं आता काही होणार नाही.’

वाचून पाहिलं. घड्याळ लावून लिहिलेलं माझं एक वाक्य त्याने मानलं. हे, नुसतं लिहिलेलं, मानेल असं मला वाटत नाही. तरी पत्ता घातला, आणि दुपारच्या टपालाआधी कार्ड पेटीत टाकलं.