उंडो भुंकला नाही

कुत्र्यांच्या प्रदर्शनात परीक्षकबाईंनी उंडोचा ओठ वर करून दात पाहिले, राठ केसांत बोटं खुपसून बरगड्या चाचपल्या, शेपूट चिमटीत धरून पाहिली. उंडो हूं की चूं न करता टेबलावर उभा. दोरीच्या बाहेर गंगाचा जीव मात्र नुसता वरखाली.

कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. पण टेरियर जातीचं हे पिल्लू डिचोलीच्या गौरेशबाबांनी आणलं, तेव्हा त्यांच्या घरात नवी फरशी बसत होती. म्हणून ते कामवालीकडे, गंगाकडे, लाटंबार्शाला ठेवलं. भट्टीतल्या पावासारखं त्याचं तपकिरी डोकं बघून तिने त्या पावाचंच नाव ठेवलं, उंडो. फरशी बसली, तिच्यावर चहासुद्धा सांडून झाला, पण त्याला न्यायला कुणी आलं नाही. तो गंगाच्या अंगणातच वाढला.

आज साखळीच्या मैदानावर येताना गौरेशबाबांनी गाडीतच सांगून टाकलं होतं, "पयलो इलो तर तुझ्याकडेच रवतलो. नायतर प्रवीण नेतलो ताका. पेडण्याक त्याच्या बागेत डुकरां येतत, थंय बांधूक."

त्यांचा हा दोस्त प्रवीण तर हातात चेन घेऊनच आला होता.

आता टेरियरची खरी परीक्षा सुरू झाली. दोन कुत्रे समोरासमोर आणायचे, पट्टे ताणून धरायचे. भांडू द्यायचं नाही, पण भांडायची खुमखुमी दिसली पाहिजे.

गंगाच्या घरी खुमखुमी चालत नसे. अंगणात कोंबड्या, आणि नवरा रात्रभर ट्रक चालवून दिवसा झोपलेला. गंगा नुसतं 'श्श्' म्हणायची आणि उंडो खाली बसायचा. कोंबड्या त्याच्या ताटलीत चोची मारायच्या, तो बघत राहायचा. सगळ्या वाड्यावर गंगा हे कौतुकाने सांगायची.

समोर पांढराशुभ्र कुत्रा आला आणि उंडोने शेपूट हलवली.

"टेरियर काय रे हो, की बोकड?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक फिदीफिदी हसले.

"बांधा सुरेख आहे," परीक्षकबाई म्हणाल्या, "पण आग कुठे आहे? परत एकदा आणा."

गौरेशबाबांनी पट्ट्याला हिसडा दिला. पांढरा कुत्रा उंडोच्या तोंडावर भुंकला. आणि उंडोच्या मानेवरचे केस ताठ झाले, कान पुढे आले. पोटातून अशी गुरगुर आली की तशी गंगाने आयुष्यात ऐकली नव्हती. परीक्षकबाई हसून पुढे वाकल्या. गौरेशबाबांची छाती फुगली.

"श्श्."

गंगाच्या तोंडून निघून गेलं होतं.

उंडो बसला. कोंबड्यांना वाट द्यावी तसा, अगदी शहाण्यासारखा.

बाईंनी पहिला म्हणून पांढऱ्याकडे बोट दाखवलं.

"कोणी सांगलला गे तुका मधे बोलूक?" गौरेशबाब बाहेर येऊन म्हणाले. "चार लोकांत नाक कापलंस माझा."

"सवयीन गेला तोंडातसून, बाब. पुढच्या वर्सा..."

"पुढच्या वर्सा काय, कोंबडो आणतलंस?"

त्यांनी पट्टा प्रवीणच्या हातात दिला. प्रवीणने चेन अडकवली, पण जीपपाशी उंडोने चारही पाय जमिनीत रोवले. दात विचकले. पुन्हा तीच गुरगुर.

"आग आसा रे हेच्यात," प्रवीण हसला. "आताच खंयसून इली?" आणि त्याने जीपमधली काठी काढली.

"गंगाबाय, तुझा आयकता तो," गौरेशबाब म्हणाले. "गप कर ताका."

गंगाने काठीकडे पाहिलं. मग उंडोकडे.

"श्श्," ती म्हणाली.

तो बसला. प्रवीणने त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं.

मैदानावरचे सगळे कुत्रे एकदम भुंकायला लागले होते. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा काचेत ते तपकिरी डोकं दिसलं, ताठ, तोंड मिटलेलं. त्या कल्लोळात गंगा त्याचा आवाज शोधत उभी राहिली, जीप वळणाआड गेल्यावरसुद्धा. तो त्यात नव्हताच.