खाली वाडी लागतेच

आन्या चार दिवसांसाठी आली होती. त्यातले तीन सरले, तरी उल्हासनं तिला विचारायचं ते विचारलंच नव्हतं.

विचारायचं काय, तर एवढंच: पुढचा उन्हाळा इथं काढशील का, माझ्याजवळ? एका दमात विचारून मोकळं व्हावं असा प्रश्न, पण तो घशाशी यायचा आणि परत जायचा. मुलगी सकाळी खाली यायची, 'गुड मॉर्निंग, बाबा' म्हणायची, आपला कप आपणच विसळून ठेवायची. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूच्या या घरात तिचं म्हणावं असं काहीच नव्हतं. कुठला दिवा कुठल्या बटणानं लागतो हेही तिला विचारावं लागे. पोटची पोर पाहुण्यासारखी वागते तेव्हा काय होतं, हे ज्याच्या घरी घडतं त्यालाच कळतं. उद्या दुपारी तिचं विमान होतं. ॲन आर्बरला कॉलेजात गेल्यापासूनच्या दोन्ही सुट्ट्या तिनं मैत्रिणींकडे काढल्या होत्या. आजचा दिवस हातचा गेला तर ती पुन्हा यायची नाही, हे उल्हास पक्कं ओळखून होता.

म्हणून त्यानं डोंगर काढला. घरात समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते चालता चालता बोलता येईल, असा त्याचा हिशेब. कॉलेजात असताना पुण्याहून दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला चढलेला माणूस. अमेरिकेत आल्यावर पोट सुटलं, गुडघे कुरकुरू लागले, पण डोंगरातलं आपल्याला कळतं हा तोरा काही गेला नव्हता.

सिॲटलच्या पूर्वेला कॅस्केड पर्वतात तळ्यांचा मोठा मुलूख आहे. एका तळ्याच्या काठानं चढायचं, वरच्या तळ्यापाशी डबा खायचा, खिंड ओलांडायची आणि पलीकडून फिरून गाडीशी यायचं, असा दिवसभराचा फेरा त्यानं ठरवला होता. नकाशा छापून घेतला होता आणि तो गाडीतच राहिला होता. त्याचं त्याला फारसं काही वाटलंही नाही. कागद बघत डोंगर चढणं त्याला नेहमीच थोडं कमीपणाचं वाटे.

खालच्या तळ्यापाशी त्यानं सुरुवात केली, "कॉलेज कसं चाललंय?"

"गुड."

"जेवणाचं नीट होतं ना?"

"इट्स फाइन, बाबा."

वरच्या तळ्यापाशी त्यानं पराठे काढले. तिनं अर्धा खाल्ला. पाणी इतकं निळं आणि इतकं गप्प होतं की उल्हासलाच आपला आवाज नकोसा झाला. आन्याची आई, रेखा, असती तर तिनं तिथं पाय सोडून बसून सगळ्या जगाच्या चौकश्या केल्या असत्या, असं त्याच्या मनात आलं. ते तो बोलला नाही. रेखाचं नाव दोघांमध्ये कुणीच काढत नसे. चार वर्षं झाली होती तिला जाऊन.

जुलै निम्मा सरला तरी खिंडीत बर्फ होता. अलीकडून पायवाट सरळ त्या बर्फात शिरत होती, पण पलीकडे ती कुठून बाहेर येते ते दिसेना. डावीकडे दगडांचा उतार, उजवीकडे झाडी, आणि मधोमध वितळलेल्या बर्फाचा एक ओढा खळाळत खाली निघालेला. उल्हासचा चेहरा ओढा बघून उजळला.

"बाबा, बॅक जाऊ या," आन्या म्हणाली. "जिथं लास्ट ट्रेल दिसली तिथं."

"अगं, काही गरज नाही. वाट चुकली की पाण्याची कड धरायची. खाली वाडी लागतेच."

"इथे वाडी नाहीये."

"वाडी नसेल, रस्ता असेल. काहीतरी असतंच खाली. तू इथंच थांब या दगडापाशी. मी वाट बघतो आणि पाच मिनिटांत येतो."

सह्याद्रीत हा मंत्र त्याच्या जितक्या वेळा उपयोगी पडला होता, तितक्याच वेळा अंगाशीही आला होता, पण तसलं कोण लक्षात ठेवतो? तिथं घसरत, खरचटत का होईना, माणूस शेवटी कुणाच्या तरी शेताच्या बांधावर उतरतो. कुत्रं भुंकतं, एखादी म्हातारी तांब्याभर पाणी देते आणि वर चार शब्द सुनावते. खाली गेलं की माणसं भेटतात, यावर उल्हासचा जन्मभराचा विश्वास होता.

तो उतरत राहिला. प्रत्येक वळणावर वाटे, हे एवढं वळण झालं की पायवाट दिसेल. मग त्याच्या पुढचं वळण. झाडी दाट होत गेली. आडवे पडलेले ओंडके छातीइतके उंच, त्यांच्यावरून चढायचं नि पलीकडे उडी मारायची. काटेरी पानांनी हात सोलवटून निघाले. पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती. परत फिरावं असं एकदोनदा त्याला वाटलंही, पण इतकं उतरल्यावर रिकाम्या हातानं लेकीसमोर जायचं जिवावर आलं. वाट शोधूनच जाऊ, म्हणजे तीही म्हणेल की बाबांना कळतं.

अखेर ओढा एका कड्यावरून खाली कोसळला. उल्हासनं झाडाचं खोड धरून खाली वाकून पाहिलं. दरीपलीकडे दुसरी दरी, तिच्यापलीकडे तिसरी, सगळीकडे काळपट हिरवी झाडं. धूर नाही, छप्पर नाही, तार नाही. त्यानं कान देऊन ऐकलं. पाणी सोडून कशाचाच आवाज नव्हता. इतक्या मोठ्या मुलखात खाली कुणीच राहत नाही, ही गोष्टच त्याला धड पटेना. आयुष्यात पहिल्यांदा तो डोंगराला भ्याला.

मग तो वळला. चढताना छाती फुटायची वेळ आली, आणि तेव्हा कुठं त्याला आन्या आठवली. पोर एकटी आहे, वर बर्फ आहे, ऊन उतरलंय. "आन्याऽऽ!" त्यानं हाक मारली. पाण्यानं ती गिळून टाकली. तो हाका मारत चढला, पडला, पुन्हा चढला. ती तिथं नसणार, असं त्याला वाटू लागलं. का असावी? कुणीही शहाणं माणूस निघून गेलं असतं.

ती होती. सगळे कपडे अंगावर चढवून, गुडघे पोटाशी घेऊन त्याच दगडाला टेकून बसली होती. ओठ निळसर झाले होते.

"ट्रेल तिकडे आहे," तिनं दगडांच्या उताराकडे बोट केलं. "मगाशी एक कपल तिथून गेलं. त्यांनी मला हाक पण मारली."

"मग गेली का नाहीस त्यांच्याबरोबर?"

"तू म्हणालास थांब."

उल्हास तिच्या शेजारी बसला. त्याला धाप लागली होती.

"किंडरगार्टनमध्ये शिकवलं होतं आम्हाला," आन्या म्हणाली. ती मराठीत बोलत होती, शब्द शोधत, अडखळत. "हरवलं तर हलायचं नाही. एका झाडाला पकडून बसायचं. मग कोणीतरी शोधायला येतं." ती थांबली. "आई गेल्यावर तू म्हणालास, दोन महिन्यांचं प्रोजेक्ट आहे, टेक्सासमध्ये, अर्विंगला. तोपर्यंत पद्मिनीकाकूकडे थांब. मी आपल्या जुन्या गावी, मॉरिसव्हिलमध्येच थांबले. काकू म्हणायची, बाबांकडे टेक्सासला जातेस का? मी नाही म्हणायचे. मला वाटायचं, मी तिथून हलले तर तुला सापडणार नाही."

दोन महिन्यांची तीन वर्षं झाली होती. तिथलं संपलं तसा तो परस्पर बेलव्ह्यूच्या नोकरीवर आला, आणि तोवर ती कॉलेजला निघून गेली होती. रेखाच्या खोलीवरून दिवसात दहादा जावं लागू नये म्हणून आपण तेव्हा पळालो, हे उल्हासला ठाऊक होतं. पोर काकूकडे सुखात आहे, असं तो सगळ्यांना सांगायचा.

"एक विचारू?" आन्या म्हणाली. "आत्ता तू माझ्यासाठी परत आलास? की खाली वाट नव्हती म्हणून?"

उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. 'तुझ्यासाठीच गं' म्हणायला काय लागतं? कुठलाही बाप तेच म्हणाला असता, आणि त्याला तर आज लेक परत मिळवायची होती. पण ती त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि कड्यापाशी वळताना आपल्या मनात ती नव्हती, हे उल्हासला नीट आठवत होतं.

"वाट नव्हती म्हणून," तो म्हणाला. "तू आठवलीस ती नंतर. चढताना."

आन्यानं बाहीनं नाक पुसलं. ती रडतेय हे त्याला तेव्हा कळलं.

"ओके," ती म्हणाली. "मला वाटलं तू खोटं बोलशील."

ती उठली, सॅक पाठीला लावली. "मी पुढे चालते."

उल्हास मागून निघाला. पुढच्या उन्हाळ्याचा प्रश्न त्याच्या मनात तसाच होता, पण तो विचारायचा अधिकार आपल्याला अजून आलेला नाही, हे त्याला उमगलं होतं आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं. आन्या दगडांच्या उताराकडे बर्फात पाय रोवत चालली होती. एका जागी तिनं अंदाज घेतला आणि थांबली. मागे वळून पाहिलं नाही तिनं, पण तो जवळ येईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग पुढं पाऊल टाकलं.