लिंबाएवढा बर्फ

हॉस्पिटलच्या आवारात चहाचं दुकान चालवणाऱ्या त्या नवरा-बायकोचा अख्खा संसार एका थर्मासवर उभा होता. वॉर्डावॉर्डांत चहा पोचायचा तो त्यातूनच. लग्न झाल्यावर नवऱ्याने बायकोला पहिला धडा दिला तो हाच, की चहा भरण्याआधी थर्मास कढत पाण्याने विसळायचा. "गार थर्मासात चहा ओतणं म्हणजे चहाचा खून," असं तो म्हणे. तिने जन्मभर हा खून होऊ दिला नाही.

शेगडीच्या वर हिमनदीचं चित्र असलेलं एक कॅलेंडर होतं. वर्षं सरली, तरी त्याने ते उतरवलं नाही. "सगळा जन्म विस्तवापाशी गेला. एकदा त्या बर्फावर हात ठेवायचाय," तो म्हणायचा. "आधी दूध उतू जातंय ते बघा," ती म्हणायची.

मग त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. डॉक्टर रोजचं गिऱ्हाईक, त्यामुळे त्यांना खोटं बोलणं काही जमलं नाही. "कुठे जायचं असेल तर याच वर्षी जा," एवढंच म्हणाले. दोघांनी दुकानाला कुलूप घातलं आणि सहलीत नावं दिली.

बस हिमनदीच्या पायथ्याशी थांबली. पुढे सगळी चढण. गाइडने त्याला दारातच अडवलं. "काका, तुम्ही बसमध्येच थांबा. तुमची धाप मला इथवर ऐकू येतेय."

काकांनी हुज्जत घातली, पण खोकल्याने ती मध्येच तोडली. बायको शेजारी बसायला लागली तसा तो खेकसला, "दोघांनी मिळून सीट उबवायची का? जा तू. माझ्यासाठी थोडा बर्फ आण. हातात धरीन."

चहाचा थर्मास घेऊन ती गेली. बर्फ कॅलेंडरातल्यासारखा पांढराशुभ्र नव्हताच. कडेला मळका होता, भेगांत निळा, आणि आत कुठेतरी पाणी वाहत होतं. लोक फोटो काढत होते. तिचं कशात लक्ष नव्हतं.

"बर्फ न्यायला बंदी आहे, काकू," गाइड म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने लिंबाएवढा तुकडा तोडून दिला. तिथल्या निवाऱ्यात प्रवाशांसाठी गरम पाण्याचा नळ होता. तिने उरलेला चहा ओतून दिला, थर्मास नीट विसळला, तुकडा आत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. थर्मास कोटाच्या आत छातीशी धरून ती सगळ्यांच्या आधी खाली आली.

तो हातमोजे काढून, ओंजळ पसरूनच बसला होता. तिने थर्मास कलता केला. ओंजळीत पाणी पडलं, तेही कोमट.

तिने थर्मास हलवून पाहिला, आत डोकावून पाहिलं. मग तिला तो नळ आठवला.

"अहो, मी... मी आधी कढत पाण्याने विसळला हो," ती म्हणाली, आणि परत येणाऱ्या लोकांसमोर लहान पोरासारखी रडायला लागली.

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. "मीच शिकवलं ना तुला," तो म्हणाला. ओंजळीतलं पाणी त्याने सावकाश, घोट घोट पिऊन टाकलं आणि ओले तळवे तोंडावरून फिरवले.

"पुढच्या वेळी गार पाण्याने विसळ."

"हो," ती म्हणाली, आणि झाकण लावायला लागली. रोजचंच झाकण ते, पण त्याचे आटे काही केल्या जुळेनात.