ओली मेंढी आणि तारळेसाहेब

रविवारी गिरणीला सुट्टी. महिन्यातून एका रविवारी तिसऱ्या प्रहरी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, पुस्तकं बांधणाऱ्या इसूफच्या दुकानापुढं बसायला जागा म्हणून उरायची नाही. कारण काय, तर विलायतेतला एक गुप्तहेर! पुण्याच्या एका मासिकात त्याच्या गोष्टी महिन्याच्या महिन्याला मराठीत छापून यायच्या आणि इसूफ त्या असा काही आवाज लावून वाचायचा, की ऐकणाऱ्याचा विडा तोंडातच राहावा. साहेबाचं नाव थॉर्नली. पेठेच्या जिभेला ते कुठलं झेपायला? पेठेनं त्याचा सरळ तारळेसाहेब करून टाकला होता.

केराबाई कडेला भिंतीशी लोकर कातत बसायची आणि कान सगळा गोष्टीकडं. तिचा नवरा धुळाप्पा मात्र लोकांत बसूनही नसल्यासारखाच. नातेपुत्याकडं त्याची दीडशे मेंढरं होती. दुष्काळात ती गेली आणि हा गडी सोलापुरात येऊन गिरणीच्या फाटकावर राखणदार झाला. तेव्हापासून त्याचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. "आपल्याला काय कळतंय हितलं," एवढं एकच वाक्य त्याच्याकडं उरलं होतं. ते ऐकलं की केराबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, पंचक्रोशीत कुणाचं मेंढरू आजारी पडलं तर ज्याला बोलावणं यायचं, तो हा माणूस!

त्या महिन्याच्या गोष्टीत डोंगराळ मुलखातला एक जमीनदार पहाटे आपल्या बंगल्यात मरून पडलेला सापडला. रात्रभर पाऊस, उजाडलं तरी उघडीप नाही. संशय पुतण्यावर. त्यात जॉन नावाच्या मेंढपाळानं शपथेवर सांगितलं, "मी पहाटेपासून बंगल्यामागं माळावर मेंढ्या कातरत होतो. पुतण्याला पळताना मी डोळ्यांनी पाहिलं." नेमकं इथं इसूफनं मासिक मिटलं. उरलेलं पुढच्या महिन्यात.

"पुतण्याच तो! इस्टेटीपायी केलं बघा," शेजारचा किराणावाला चनबसप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला.

"न्हाय. त्यो मेंढका खोटं बोलतुया. त्येनंच मारलंय."

सगळ्यांच्या माना वळल्या. धुळाप्पा बोलला होता! आणि मग जो काय हशा पिकला, विचारू नका. चनबसप्पाला तर हसता हसता ठसका लागला. "अरे धुळाप्पा, तिथल्या मोठमोठ्या बॅरिस्टरांना कळंना, आन तुला हितं बसून कळलं व्हय? आपल्याच माणसावर उलटलास की रं!"

कारण सांगायला धुळाप्पानं तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटून तो उठला आणि चालू लागला.

केराबाईनं त्याला घरी गाठलं. "अवो, रातभर भिजलेली मेंढी कोन कातरतंय का? कातर चालत न्हाय, आन कातरली तरी ओली लोकर गठ्ठ्यात कुजून जाती. ह्येच की?"

"व्हय."

"मग सांगायचं की तोंडानं!"

"सांगून काय? मला ठावं हाय, तुला ठावं हाय. पर लिवनाऱ्याला ठावं असंल का? खुर्चीत बसनारा मानूस त्यो. मेंढराला हात तरी लावला असंल का त्यानं?"

केराबाईला पटलं. खरंच की! लिहिणाराच अडाणी निघाला तर पुतण्या फासावर जाणार आणि तिचा धनी खरा असून पेठेत खोटा ठरणार. एवढ्या दिवसांनी बोललेला माणूस. तोच शब्द खोटा ठरला तर हा जन्मात पुन्हा तोंड उघडायचा नाही. महिनाभर तिला अन्न गोड लागलं नाही. त्यात चनबसप्पा दिसेल तिथं "काय तारळेसाहेब, सापडला का चोर?" म्हणून हाक मारायचा, आणि धुळाप्पा खाली मान घालून निघून जायचा.

मासिक आलं त्या रविवारी तो घरातून हलेना. "बसा मग. मी एकली जाते आन चनबसप्पाशी भांडून येते," असं तिनं पायात वहाणा घालत सांगितलं, तेव्हा कुठं तो निमूट मागोमाग आला.

इसूफ वाचू लागला. थॉर्नलीनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, पुतण्याकडं बघितलं, मोलकरणीकडं बघितलं, आणि बोट केलं ते जॉनकडं! इसूफनं मासिकात बोट ठेवून मान वर केली. त्यानं सकाळीच सगळं वाचून ठेवलं होतं.

"आता पुढचं मी वाचत न्हाय. धुळाप्पामामा, साहेबानं कसं वळखलं, ते आदी तुमी सांगा."

धुळाप्पा उभा राहिला. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग फुटला, तो थांबेना. ओल्या मेंढीला कातर का लावायची नाही, पावसानंतर किती उन्हं द्यायची, लोकर वाळली का ते पोटाखाली हात घालून कसं बघायचं, सगळं सांगितलं गड्यानं! मग इसूफनं वाचलं, "'भिजलेल्या मेंढीला कोणताही खरा मेंढपाळ कातर लावत नाही,' थॉर्नली म्हणाला."

चनबसप्पा आपल्या बाकावरून उठला. "बसा धुळाप्पा," म्हणाला. 'बस' नव्हे, 'बसा'! केराबाईनं ते नीट ऐकलं. डोळे पुसायला तिला पदर पुरेना, पण मान अशी ताठ, की तिकडं त्या तारळेसाहेबाच्या बायकोची सुद्धा नसेल.

धुळाप्पा बाकावर ऐसपैस बसला. मग म्हणाला, "हुशार हाय ह्यो साहेब. ल्हानपनी मेंढरं राखली असनार त्यानं."